वळणावर धक्के देणारी जीप

मी एक जुनी जीप आहे. किती जुनी, ते मात्र विचारू नका मित्रांनो, कारण माझा पहिला गोंधळ तिथूनच सुरू होतो. माझा सांगाडा मूळचा आहे. इंजिन दुसऱ्या कुठल्या तरी गाडीतून काढून बसवलेलं, त्याचं वय वेगळं. डावं दार अपघातात गेलेल्या एका गाडीचं आहे आणि ते उजव्या दारापेक्षा जरा जास्तच हिरवं दिसतं. वरचा कापडी टप तर किती वेळा बदलला, ते मलाही सांगता येणार नाही. मग यातली खरी मी कोण? मला डोकं असतं तर खाजवलं असतं. ते नाही, म्हणून नुसता धूर सोडते.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. खूप उजेड होता, आणि माणसं एकमेकांशी न बोलता भराभर बोल्ट आवळत होती. त्यांनी माझ्या पोटाशी दोन दांडे बसवले. मोठा दांडा गिअरचा. त्याच्या शेजारचा छोटा दांडा मागे ओढला की माझी चारही चाकं जोर लावतात, पुढे ढकलला की फक्त मागची दोन. आता कधी ओढायचा आणि कधी ढकलायचा, हे मला कुणी सांगितलं नाही. गाडीला कोण सांगतं? ते चालवणाऱ्यानं बघायचं, असंच मी धरून चालले.

माझा पहिला मालक म्हणजे खडीच्या खाणीवरचा मुकादम. आडवा-तिडवा, मोठ्या आवाजाचा, पण माझ्याशी बोलताना आवाज एकदम खाली. पहिल्याच आठवड्यात मी ओल्या मुरमात रुतले. मुकादमानं छोटा दांडा मागे ओढला आणि मी अशी काही उसळून बाहेर आले की खाणीवरची सगळी माणसं टाळ्या वाजवायला लागली. "वाघीण आहे माझी, वाघीण!" तो म्हणाला. त्या दिवसापासून त्यानं तो दांडा कधी पुढे ढकलला नाही. खाणीत सगळीकडे सुटे दगड आणि भुगा. चाक कुठेही वळलं तरी जरा घसरायचं आणि आपली जागा शोधून घ्यायचं. मला कधी काही दुखलं नाही. डिझेलसुद्धा पिंपातून खाणीवरच यायचं, त्यामुळे डांबरी रस्ता काय असतो हे मला माहीतच नव्हतं. फार चांगले दिवस होते ते. तेव्हा मला सगळं कळतंय असं वाटायचं.

मग खाण बंद झाली. कशामुळे, ते मला कळलं नाही. एके दिवशी सुरुंगाचा आवाज थांबला, तो पुन्हा आलाच नाही. आणि एका सकाळी दोन बायका मला बघायला आल्या.

त्या दोघी बहिणी. थोरली साठीच्या पुढची, बारीक अंगाची, बोलणं मोजून-मापून. तिचे यजमान गेल्यापासून ती धाकटीकडेच राहायला आलेली. धाकटीनं लग्न केलं नव्हतं. तीही पन्नाशी ओलांडलेली, पण थोरली तिला अजून 'छोटी' म्हणायची. दोघी मिळून मधमाश्या पाळायच्या. मधमाश्यांचं सगळं थोरलीला कळायचं आणि गाडी धाकटी चालवायची. वर्षातून एकदा डोंगरमाथ्यावर फुलांचा बहर येतो, तेव्हा पेट्या वर नेऊन ठेवाव्या लागतात, नाहीतर खालच्या रानात माश्यांची उपासमार होते. वरच्या टप्प्याला वाट अशी नव्हतीच, नुसता चिखल आणि दगड. त्यासाठी त्यांना मी हवी होते.

मुकादमानं किल्ली देताना दोनदा हात मागे घेतला. डोळे भरून आले होते त्याचे. "ताई, हिला जीव लावा," तो म्हणाला. "आणि एक लक्षात ठेवा. हा छोटा दांडा असाच मागे राहू द्या. कुणाला हात लावू देऊ नका. चढावर फसलात तर मला शिव्या द्याल."

थोरली ही अशी बाई की एकदा शब्द ऐकला म्हणजे ऐकला. घरी पोचताच तिनं पेट्या बांधायच्या दोरीनं तो दांडा मागच्या बाजूला करकचून बांधला. वर जाड कापडाची, आत कापूस भरलेली टोपी शिवून घातली, म्हणजे कुणाचा गुडघा आपटायला नको. टोपीला पिवळी किनारसुद्धा लावली. मला तेव्हा फार बरं वाटलं. आजवर कुणी माझ्यासाठी काही शिवलं नव्हतं.

पण मित्रांनो, त्या दिवसापासून मला काय झालं ते माझं मलाच कळेना. सरळ रस्त्यावर मी ठीक असायचे. डांबरी रस्त्यावर वळण आलं की संपलं. पुढून कुणीतरी ओढतंय, मागून कुणीतरी धरून ठेवतंय, आणि मधल्यामध्ये माझ्या आतड्यांना पीळ पडतोय, असं वाटायचं. स्टेअरिंग दगडासारखं जड व्हायचं. मग एकदम गचका, पुन्हा गचका, आणि टायर रस्त्यावर ओरडायचे. धाकटी दोन्ही हातांनी चाक धरून घामाघूम व्हायची. मागे पेट्यांमध्ये माश्या चवताळायच्या. एकदा बाजारपेठेजवळच्या वळणावर एका पेटीचं झाकण सरकलं आणि धाकटीच्या पापणीला माशी चावली. चार दिवस ती एका डोळ्यानं गाडी चालवत होती.

"अगं, हिला नीट चालवत का नाहीस?" थोरली विचारायची.

"मी नीटच चालवतेय. हीच नीट चालत नाहीये!"

दोघींचं बरोबर होतं, असं मला वाटायचं. आणि माझंही काही चुकत नव्हतं. मग चुकत कुणाचं होतं?

मला आधी कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे नेलं. त्यानं चाक हलवून बघितलं, कान लावून ऐकलं आणि म्हणाला, "बेअरिंग गेलंय." खरंच गेलं होतं. त्यानं बदललं. आठवडाभर मी जरा शहाण्यासारखी वागले, मग पुन्हा तेच. मग मोठ्या गॅरेजमधल्या वस्तादाकडे. तो माझ्या खाली सरपटत गेला, इंजिनाकडून चाकांकडे जाणारा लांब दांडा हलवून बघितला आणि खालूनच ओरडला, "क्रॉस खलास! दोन्ही सांधे ढिले झालेत." तेही खरंच झाले होते. तेही बदलले. टायर तर असे झिजले की जणू कुणी कानशीनं घासलेत. ते बदलले. मध्येच रेडिएटर गळायला लागला, पण ते म्हातारपण, त्याची तक्रार नाही. बहिणींच्या त्या वर्षाच्या मधातला निम्मा मध माझ्या पोटात गेला, असं थोरली म्हणायची. मी तर एक थेंब चाखला नव्हता.

तुम्ही विचाराल, त्या बांधलेल्या दांड्याकडे कुणी बघितलंच नाही का? बघितलं ना. मिस्त्रीनं बघितलं, वस्तादानंही बघितलं. पण माझ्यासारख्या म्हाताऱ्या गाड्यांमध्ये पुढच्या चाकांची ओढ बऱ्याचदा कधीच बंद पडलेली असते, आणि तो दांडा नुसता खडखडू नये म्हणून लोक बांधून ठेवतात. दोघांनाही तेच वाटलं. त्यात वस्तादानं टोपीला बोट लावलं न लावलं तोच थोरली पुढे झाली. "त्याला हात लावायचा नाही हं. मुकादमांनी बजावून सांगितलंय." वस्तादानं मान डोलावली आणि हात पुसले. त्याला वाटलं, बिचारा दांडा मोडकाच असणार.

शेवटी वस्तादानं हात टेकले. "ताई, आता ही पोटातली गिअरपेटी उघडावी लागेल," तो म्हणाला. "आणि उघडली तर जेवढ्याला घेतलीत तेवढा खर्च येईल. मी तुमच्या जागी असतो तर विकली असती."

माझी शेड स्वयंपाकघराला लागून आहे. मधल्या खिडकीतून मला सगळं ऐकू येतं. त्या संध्याकाळी भांडी नेहमीपेक्षा जास्त आपटत होती.

"विकून टाकू," थोरली म्हणाली. "गाडी गेली म्हणजे पेट्याही काढून टाकू. मुलगा किती वर्षं बोलावतोय. मी जाते त्याच्याकडे."

"आणि मी?"

"तू काय, तुझी पेन्शन आहे, घर आहे."

"मी घराशी बोलू का?"

थोड्या वेळानं धाकटी शेडमध्ये आली, माझ्या सीटवर बसली आणि स्टेअरिंगवर कपाळ टेकलं. गाडी विकली जाईल याचं तिला काही नव्हतं, मित्रांनो. ताई निघून जाईल, याची तिला धास्ती होती. "बाई गं," ती मला म्हणाली, "काय होतंय तुला? सांग ना एकदा." मला इतकं वाटलं की काहीतरी सांगावं! पण मला माहीत असतं तर ना. मी नुसती गार पडत तिथे उभी होते.

जुन्या गाड्यांचा व्यापारी घाटाच्या खालच्या अंगाला बसतो. तिकडे जायच्या दिवशी धाकटी लवकर उठून आली. तिनं दांड्यावरची टोपी ओढून काढली. "ही त्याला कशाला द्यायची? ताईनं हातानं शिवलीय," ती पुटपुटली, आणि दोरीही सोडून घेतली. दोरी काय, घरात कशालाही लागते. मग थोरली येऊन बसली. तिच्या मांडीवर माझी कागदपत्रं होती आणि तोंडावर काही म्हणजे काही नव्हतं.

धाकटीनं मला शेडमधून मागे घेतलं. मागे जाताना माझ्या पोटातला पीळ जरा सैल पडला, आणि तेवढ्यात खट् करून तो छोटा दांडा आपला आपण पुढे सरकला. दोघींचंही लक्ष नव्हतं. धाकटी आरशात बघत होती आणि थोरली घराकडे.

पहिलं वळण आलं. मी सवयीनं अंग आकसून घेतलं. काहीच झालं नाही! पुढची चाकं त्यांच्या वाटेनं गेली, मागची त्यांच्या, आणि मी लोण्यातून सुरी जावी तशी वळले. मला वाटलं, चुकून झालं असेल. दुसऱ्या वळणावरही तेच. आता मला भीतीच वाटायला लागली. माणसं मरायच्या आधी एकदम बरी होतात म्हणे, तसलं तर काही नाही ना?

"छोटी," थोरली म्हणाली, "आज गचका नाही बसला?"

"बसेल पुढच्या वळणाला."

नाही बसला. त्याच्या पुढच्यालाही नाही. घाट उतरेपर्यंत दोघीजणी वळण आलं की श्वास रोखायच्या आणि वळण गेलं की एकमेकींकडे बघायच्या.

व्यापाऱ्याचं आवार म्हणजे मोठं सिमेंटचं मैदान. धाकटीनं मला तिथे आत घेतलं, पण थांबवलंच नाही. एक चक्कर मारली. मग दुसरी, आणखी आखूड. मग उलट्या बाजूनं. व्यापारी चहाचा कप घेऊन बाहेर आला तो तसाच उभा राहिला.

"अहो बाई, गाडी विकायला आलात की पाळण्यात बसायला?"

धाकटी त्याच्याकडे बघायलाही तयार नव्हती. तेवढ्यात थोरलीची नजर खाली गेली. "अगं, हा दांडा पुढे कसा आला? मुकादम म्हणाले होते..." आणि सवयीनं तिनं तो मागे ओढला. धाकटीनं चाक वळवलं आणि काय सांगू! तोच गचका, तीच ओरड, तोच पीळ. धाकटीनं करकचून ब्रेक दाबला. मग जरा मागे घेऊन दांडा पुढे ढकलला आणि पुन्हा वळवलं. लोणी.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

"म्हणजे कोरड्या रस्त्यावर तुम्ही चारही चाकं जुंपून हिंडत होतात?" व्यापारी हसून हसून चहा सांडायला लागला. "अहो, वळताना पुढच्या चाकांना जास्त अंतर कापायचं असतं, त्यांना मोकळीक नको का? चिखलात घसरून भागतं, डांबरावर कुठे घसरणार? हाडं मोडतील तिची!"

थोरली पांढरीफटक पडली. "मुकादम खोटं बोलले?"

"नाही गं ताई," धाकटी म्हणाली. "त्याच्याकडे डांबर होतं कुठे?"

व्यापाऱ्यानं लगेच जास्त भाव सांगितला. धाकटीनं त्याला नमस्कार केला आणि मला फाटकाबाहेर काढलं. पण माझ्या मनातून एक गोष्ट जाईना. मी आता बरी झाले होते, की मुळात आजारीच नव्हते? आजारी नव्हते, तर ते बेअरिंग का गेलं होतं? आणि मुकादमानं जे प्रेमानं सांगितलं, थोरलीनं जे मनापासून पाळलं, त्यानंच माझी हाडं खिळखिळी झाली, तर मी रागवायचं कुणावर? मला अजून उत्तर मिळालेलं नाही. तुम्हाला मिळालं तर मला सांगा.

दोन दिवसांनी पहाटे पेट्या चढल्या. डांबरी रस्ताभर दांडा पुढे. माश्या इतक्या गप्प की थोरलीनं मध्येच उतरून पेटीला कान लावून बघितला. चिखलाचा चढ आला तशी मी थांबले, थोरलीनं स्वतःच्या हातानं दांडा मागे ओढला, आणि मी खाणीतल्यासारखी वर गेले. माथ्यावर सगळीकडे फुलंच फुलं होती. झाकणं उघडल्यावर माश्या बाहेर पडल्या आणि दोघी बहिणी जाळीच्या टोप्या घालून गवतात बसून हसत होत्या. मला वाटलं, चला, सगळं मार्गी लागलं.

उतरताना थोरली म्हणाली, "आता मला काळजी नाही. गाडी चांगली झाली. माश्यांचं तुलाही सगळं येतं. आता तुझं तू करशील. रविवारी जाते मी मुलाकडे."

घ्या! गाडी बिघडली म्हणून जाणार होती, आता गाडी सुधारली म्हणून निघाली. माणसांचं गणित मला कधी जमलंच नाही. धाकटीच्या हातातलं चाक एवढंसं हललं.

रविवारी सकाळी थोरलीची ट्रंक मागे ठेवली. ती शेजाऱ्यांचा निरोप घ्यायला गेली आणि धाकटी माझ्यात येऊन बसली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. आणि मित्रांनो, तिनं तो छोटा दांडा धरला आणि हळूच मागे ओढला! मी थक्क झाले. अगं बाई, समोर सगळा डांबरी रस्ता आहे! परवाच तर कळलं ना तुला? पण तिनं काही न झाल्यासारखं दोन्ही हात चाकावर ठेवले आणि समोर बघत राहिली.

पहिल्याच वळणाला गचका बसला. मागे ट्रंक सरकून फळीवर आपटली. थोरलीनं खाली दांड्याकडे बघितलं, मग धाकटीकडे. धाकटीचे कान लालबुंद झाले होते. दुसरं वळण. टायर ओरडले.

"आज परत धक्के बसतायत," थोरली म्हणाली.

"हो ना. काय झालंय कोण जाणे."

"मिस्त्रीला दाखवायला हवी."

"दाखवेन."

"तू एकटी? तो पुन्हा बेअरिंग म्हणेल आणि तू हो म्हणशील."

"म्हणेन."

दांडा दोघींच्या मध्ये होता, थोरलीच्या हाताशीच. हात लावून तो पुढे ढकलला असता, तर धक्के थांबले असते. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. समोर बसस्थानकाचा पत्रा दिसायला लागला होता. बस उभी होती, कंडक्टर दारात लटकून हाका मारत होता.

"वळव," थोरली म्हणाली.

"इथे फार आखूड वळावं लागेल ताई. जोरात धक्का बसेल."

"बसू दे."

मित्रांनो, आम्हा गाड्यांच्या आत्मवृत्तात शेवटी काहीतरी शिकवण असते. ती सांगते. तेल-पाणी वेळेवर बघा. काही वाजत असेल तर दुर्लक्ष करू नका. गाडी घेताना तिच्या मालकानं काही सांगितलं, तर ते कुठल्या रस्त्यासाठी सांगितलं तेही विचारा. आणि धडधाकट गाडीला मुद्दाम त्रास देऊ नका. हे शेवटचं मी अगदी कळकळीनं सांगणार होते. पण त्या वळणावर माझ्या पोटातलं एकूण एक चाक पिळलं जात होतं, सांधे करकरत होते, धाकटी डोळे पुसत हसत होती, थोरली तिला "नीट समोर बघ" म्हणून ओरडत होती, आणि मला वाटत होतं, हे वळण संपूच नये.